डमीची पानं

आमची पोस्ट सीमेवर, बर्फाच्या उतारावर होती. आठ माणसं, एक रेडिओ, ऊब द्यायला एक बुखारी. मी नायक, नेकनूरचा. लान्स नायक महादेव शिरूर कासारचा. त्याचे आईबाप दर हंगामात सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला जात. त्या साली आमच्याकडं दुष्काळ होता. बंकरच्या छपरावरचा बर्फ उपसताना महादेव म्हणायचा, "गावाकडं टँकरमागं पळत्यात, अन् आमी पाणी फावड्यानं फेकून देतो. लई माज आलाय बे आपल्याला."

पोस्ट कमांडर साहेबांनी आम्हाला ब्रिज शिकवला. मी अन् महादेव जोडीदार, विरुद्ध साहेब अन् रेडिओ ऑपरेटर. ब्रिजमध्ये बोली जिंकणारा खेळतो. त्याचा जोडीदार पानं उघडी मांडून मोकळा होतो. त्याला डमी म्हणतात. त्याची पानंही खेळणाराच चालवतो.

त्या दुपारी आम्ही पहिल्यांदाच स्लॅम बोललो. सहा इस्पिक, म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे. साहेबांनी बदाम टाकलं. महादेवनं पानं मांडली. मी मोजू लागलो. अकरा हात पक्के. बारावा त्याच्या लांब किलवरातून काढायचा, पण ती किलवरं मोकळी झाल्यावर त्याच्या पानांत परत शिरायला वाट हवी. ती एकच होती, त्याचा बदामाचा एक्का. म्हणजे पहिला हात माझ्या राजानं घ्यायचा अन् एक्का राखायचा.

छपरावर बर्फ साचला होता. उपसायची पाळी माझी. मी उठू लागलो.

"बस बे," महादेव म्हणाला. "डमीला काय काम हाय? तू इचार कर."

मी बसलो. मला बसायचंच होतं. त्यानं फावडं घेतलं.

राजा टाकायच्या आत वरून आवाज आला. बाहेर पडलो तर हिमकडा कोसळलेला; छपरासकट वाट दिसेना.

"बेस, पोस्ट थ्री. एक जवान बर्फाखाली. ओव्हर."

"पोस्ट थ्री, खोदत राहा. टीम निघाली. ओव्हर."

तो सापडला तेव्हा फावडं हातातच होतं.

पाळी कुणाची होती, हे कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. पेन्शनवर आलो तेव्हा त्याची आई कारखान्यावर होती. तिच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत जाऊन सगळं सांगितलं.

"आता कावून सांगतूस?" ती म्हणाली.

"ऱ्हावलं न्हाई, मावशी."

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "डावाचं काय झालं?"

"तसाच ऱ्हायला."

"मंग खेळ की. त्यानं पानं उघडी टाकलीती न्हवं तुझ्यासाठी?"

पानं मला पाठ होती; साहेबांची अन् ऑपरेटरचीही त्या रात्री उचलताना बघितलेली. पत्ते आणून जमिनीवर मांडले. महादेवची पानं तिच्यापुढं, बाकी तिघांची माझ्यापुढं. मी सांगेन ते पान ती टाकायची. राजानं हात घेतला, हुकूम काढले, किलवरं मोकळी केली.

"आता ते बदामाचं, मावशी."

तिनं एक्का उचलला. जरा वेळ तळहातावर धरला. मग खाली ठेवला.

बारा हात झाले.

"जितला का म्हादू?"

"जितला."

लान्स नायक महादेव, शिरूर कासार. स्लॅम त्याच्या पानांवर झाला.