तपासणीच्या कागदावर माझा भाऊ

वाळूजच्या एका कारखान्यात मी मोजमापाची साधनं तपासतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज. प्रत्येकावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते: शेवटचं कधी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं. तारीख उलटली की ते साधन दिसायला कितीही चकचकीत असो, लाल पेटीत जातं. त्याने घेतलेलं माप आम्ही धरत नाही. हे आधी सांगतो, कारण पुढची चूक अशा माणसाने केली आहे.

दोनेक वर्षांपूर्वी मी फार चिडचिडा झालो होतो. घरी कुणी काही बोललं तरी अंगावर यायचं. कंपनीच्या बसमध्ये सगळेच मोबाइल बघत बसतात. मी आयुष्य सुधारण्याचे व्हिडिओ बघू लागलो. पुंडलिकनगरच्या घरून वाळूजला पोहोचेपर्यंत एक माणूस माझ्या कानात बोलायचा. आवाज शांत, मागे पुस्तकांचं कपाट. एकदा तो म्हणाला, जवळच्या माणसांची यादी करा. कोण उमेद देतं, कोण ती शोषून घेतं, ते लिहा. शोषणाऱ्यांना वर्षभर लांब ठेवा.

मी यादी केली, आणि तीही माझ्या सवयीने. कंपनीतल्या तपासणीच्या कागदासारखे रकाने आखले: नाव, निरीक्षण, निर्णय. निर्णयासाठी आमचे रोजचेच तीन शब्द. माल ठीक असला तर ओके, दुरुस्त होण्यासारखा असला तर रिवर्क, नाहीतर रिजेक्ट. बायकोला ओके दिलं. शेजाऱ्याला रिवर्क. गावी पिशोरला शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावासमोर लिहिलं, "फोन केला की फक्त तक्रारी. रिजेक्ट."

दादाचे फोन खरंच तसे असायचे. लाइट नाय, माणसं कामाला येईनात, गुडघा दुखतोय, ग्रामपंचायत झोपलीय. मी त्याचा नंबर सायलेंटवर टाकला. चुकून उचललाच तर "शिफ्टमध्ये आहे" म्हणून ठेवून द्यायचो. अशाच एका फोनवर तो म्हणाला, "कडंचं दिसंना रं मला. परवा गोठ्याच्या खांबाला धडकलो."

"बघू," मी म्हणालो. मनात मात्र म्हणालो, बघा, आणखी एक तक्रार.

सहा-सात महिन्यांनी वहिनीच त्याला एसटीने माझ्याकडे घेऊन आली. मी दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती थेंबांनी सांभाळू. आधी आला असतात तर जास्त राहिली असती."

घरी जेवताना वहिनी म्हणाली, "भावजी फोन उचलतच नव्हते." दादा लगेच म्हणाला, "त्याला कंपनीत लई काम असतं. तुला काय कळतंय." तो माझी बाजू घेत होता.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तोच व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी तपासायच्या टेबलावर एखादं साधन यावं तसा तो ऐकला. हा माणूस कोण, हे कुठे शिकला, ते त्याने सांगितलंच नव्हतं. त्याचं ऐकून नुकसान झालेल्या एकाचीही गोष्ट नव्हती. उपाय लागू पडला नाही तर तुमची श्रद्धा कमी पडली, असं तो म्हणत होता. माप जुळलं नाही की दरवेळी मालालाच खोटं ठरवणारं गेज माझ्याकडे आलं असतं, तर मी ते एक मिनिटही टेबलावर ठेवलं नसतं. आणि शेवटी त्याच्या शिबिराची जाहिरात होती. ती मी प्रत्येक वेळी न बघताच बंद केली होती.

पण त्याने माझ्या भावाचं नाव घेतलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. दादाचं ऐकून घ्यायचा मला आधीच कंटाळा आला होता. व्हिडिओवाल्याने त्या कंटाळ्याला चांगलं नाव दिलं, म्हणून तो मला खरा वाटला.

पुढच्या सुट्टीला थेंबांच्या बाटल्या घेऊन पिशोरला गेलो. यादीचा कागद खिशात होता. दादा ओट्यावर बसला होता. त्याला आता बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. तिन्ही शब्दांचे अर्थही सांगितले. शिफ्टचं खोटं होतं, तेही सांगितलं.

त्याने कागद हातात घेऊन चाचपला. मग म्हणाला, "रिजेक्ट माल कुठं धाडतात?"

"जिथून आला तिथं परत."

"मग बरोबर हाय. पिशोरलाच बसलोय मी." तो हसला. "त्या व्हिडिओवाल्याला भाऊ हाय का?"

"माहीत नाही, दादा."

"एवढं तरी इचारायचं." मग म्हणाला, "मी फोनवर रडगाणं गातो, हे खोटं नाय. पण दुसऱ्या कुणाला सांगू? गावात सांगितलं तर गावभर होतं."

मी बाटलीचं झाकण उघडलं. त्याने मान मागे टाकली. मी पापणी ओढून थेंब सोडला, तो नेमका गालावर पडला.

दादाने बाहीने गाल पुसला. "रिवर्क," तो म्हणाला, आणि डोळा उघडा धरून थांबला.