दोन भाषांमधली नक्षी

ती घटना आठवायला मला निमित्त शोधावं लागत नाही. मोबाइलवर आलेल्या एखाद्या निरोपात अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसला, की ती समोर येऊन उभी राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण तब्येतीमुळे लवकर घरी बसल्यावर परत परत मनात येतं ते हे हरवल्याचं साधं प्रकरण. यात गुन्हा कुणीच केला नव्हता. केला असेल तर मी.

मी उज्जैनमध्ये एका थान्याचा, म्हणजे पोलीस ठाण्याचा, प्रभारी होतो, लोक टीआय साहेब म्हणत. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. या लिखाणात मी कुणाचं नाव घालत नाही. लोकांनी आपली नावं मला तक्रार लिहायला दिली होती, गोष्ट लिहायला नव्हे.

सुट्ट्यांचे दिवस होते आणि महाकालच्या दर्शनाला देशभरातून माणसं येत होती. तमिळनाडूहून आलेलं एक कुटुंब गर्दीत फुटलं. आजी, आजोबा, त्यांची मुलगी आणि तिची लहान पोर. पोरीचं बोट आजोबांच्या हातात होतं, ते सुटलं. पोर थोड्याच वेळात सापडली. एका फुलवालीनं तिला आमच्या शिपायाच्या हवाली केली. पण तोवर आजोबा तिला शोधत बाहेर निघून गेले होते. जवळ मोबाइल नाही, तमिळखेरीज भाषा नाही, तमिळखेरीज वाचता येत नाही. वर साखरेचा आजार, आणि गोळ्या सगळ्या धर्मशाळेत.

त्यांची मुलगी थान्यात आली. तिकडे शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. मोडक्या हिंदीत पण न रडता तिनं सगळं सांगितलं. आम्ही गुम इंसान कायम केला. हरवलेल्या माणसाची नोंद आमच्याकडे याच नावानं होते. पोस्टर काढायचं ठरलं. इंग्रजी आणि तमिळ मजकूर तिनं तिथंच बसून मोबाइलवर लिहिला आणि थान्याच्या मेलवर पाठवला. हिंदी आमचे मुंशीजी लिहिणार होते. आजी धर्मशाळेत आजारी पडल्या होत्या, म्हणून ती निघाली. दारात थांबून म्हणाली, “सर, तमिल लाइन बड़ा रखना. प्लीज़.”

मी कंट्रोल रूमशी फोनवर बोलत होतो. हातानंच ‘हो हो’ केलं. मुंशीजींना मात्र एवढंच म्हणालो, “मेल आलाय, पोस्टर करून घ्या.”

मुंशीजी, म्हणजे आमचे हेड कॉन्स्टेबल, माझ्यासारखेच उज्जैनचे मराठी. दोघंच असलो की मराठी, तिसरा आला की हिंदी. थान्याचं सगळं लिखाण त्यांच्या कॉम्प्युटरवर, एका जुन्या हिंदी फाँटमध्ये. त्या फाँटची तऱ्हा अशी, की कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच दाबलेली असतात; फाँट त्यांच्या अंगावर हिंदी रूप चढवतो. फाँट नसला की खाली इंग्रजी अक्षरांचा चिवडा उरतो. वरिष्ठांकडून आलेली प्रत्येक फाइल थान्यात अशीच चिवडा होऊन उघडायची. त्यामुळे मुंशीजींच्या हाताला एक वळण लागलं होतं. कुठलीही फाइल उघडली, की वाचायच्या आधी सगळा मजकूर निवडायचा आणि त्याला तो हिंदी फाँट द्यायचा.

त्या दिवशी त्यांनी तेच केलं. इंग्रजी ओळ बिघडली, हिंदीसारखं काहीतरी अगम्य दिसायला लागली. हा प्रकार त्यांच्या ओळखीचा, म्हणून तिला त्यांनी पुन्हा इंग्रजी फाँट दिला. तमिळ ओळीचं वेगळंच झालं. त्या फाँटमध्ये तमिळ अक्षरांची रूपंच नव्हती आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर तमिळचा दुसरा फाँटही नव्हता. अक्षर सापडेना, म्हणून एडिटरनं, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅमनं, प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन ठेवला. वर हिंदी, खाली इंग्रजी आणि मध्ये चौकोनांची सरळ रांग.

मुंशीजींनी छापायच्या आधी मला पडद्यावर दाखवलं.

“ही मध्ये नक्षी कशाला?” मी विचारलं.

“मेलमधून आलीये साहेब. काढू?”

“असू द्या. दोन भाषा वेगळ्या दिसतात.”

हे माझे शब्द. इतकी वर्षं मी हा किस्सा मुंशीजींच्या नावावर सांगत आलो, चारचौघांत त्यावर हसलोही. नक्षी मी पास केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरभर पोस्टरं लागली. दुपारपर्यंत खबऱ्याचा फोन. नानाखेड्याच्या बस स्टँडपाशी एक ई-रिक्षावाला उभा असतो, फोटोतल्या म्हाताऱ्याला तो आदल्या दिवशी फिरवत होता, आणि आता म्हाताऱ्याची पिशवी त्याच्या सीटखाली आहे.

पिशवी खरंच निघाली. आत एक पंचा, चष्म्याचं घर आणि लहान मुलीची एक चप्पल.

ती चप्पल पाहून माझं डोकं फिरलं. पोलिसाच्या डोक्यात अशा वेळी काय काय येतं ते लिहीत नाही.

रिक्षावाला चाळिशीचा, सडपातळ माणूस. मी त्याला माझ्या खोलीत उभं केलं.

“बाबा कहाँ है?”

“मालूम नहीं साब. कल मंदिर के पास से बैठे थे. सारा शहर घुमवाया. टावर चौक, माधव नगर, फिर वापस. जहाँ कोई छोटी बच्ची दिखे, बोलें रोको. उतर के मुँह देखें, फिर आ के बैठ जाएँ.”

“और तूने कुछ पूछा नहीं?”

“पूछा साब, बहुत पूछा. वो अपनी बोली बोलें, मैं अपनी. हाथ से बताएँ, इत्ती सी. मैं समझा, पोती कहीं रहती है, पता भूल गए. शाम को घर ले गया, रोटी खिलाई. आज सुबह फिर निकले. स्टैंड पे पोस्टर लगा था. मैंने कहा, देखो बाबा, आपकी फोटू! बस, देखते ही भाग लिए. झोला गाड़ी में ही रह गया.”

“अपनी फोटो देख के भाग लिए?”

“हाँ साब. जैसे चोर भागे.”

“गुमशुदा आदमी अपना ही पोस्टर देख के भागेगा? चूतिया समझता है?”

“साब, मैं तो जो हुआ वो...”

मी त्याच्या कानशिलात मारली. एकदा नाही. मग विचारलं, थान्यात का आला नाहीस. तो गाल धरून म्हणाला, “आ ही रहा था साब. सवारी उतार के.”

यावर मी हसलो. सगळे हेच सांगतात. मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवला. अटक नाही, नोंद नाही. रोजनामच्यात, म्हणजे थान्यात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस जिथं लिहिला जातो तिथं, त्याच्या नावाची ओळ नाही. ‘बिठा लो’ म्हटलं की शिपायाला कळतं, लिहायचं नाही.

पूछताछीबद्दल लोकांना वाटतं की माणूस बोलत नाही हीच अडचण असते. माझा अनुभव उलटा आहे. बरीच माणसं पहिल्याच बैठकीत खरं सांगून टाकतात. आपल्याला ते पटत नाही, म्हणून आपण त्यांना पुढच्या बैठकीत खोटं बोलायला भाग पाडतो. हा माणूस मात्र दुसऱ्यांदाही तेच बोलला, शब्दही न बदलता. तेव्हा मला तो बेरकी वाटला.

संध्याकाळ व्हायच्या आधी आजोबांची मुलगी आली. तिच्या हातात धर्मशाळेच्या भिंतीवरून सोललेलं पोस्टर होतं. कागदाच्या मागं खळ तशीच लागलेली होती.

“सर, मेरा लाइन किधर है?”

“कौन सी लाइन?”

तिनं बोट चौकोनांवर ठेवलं. “ये. ये मेरे अप्पा का लाइन है.”

मुंशीजी खुर्चीतून उठले. मी विचारलं, “उसमें क्या लिखा था, मैडम?”

“‘अप्पा, बच्ची मिल गया. हमारे पास है. कोई गुस्सा नहीं. ये कागज पुलिस को दिखाओ, वो आपको ले के आएगा.’” एवढं सांगून ती म्हणाली, “सर, अप्पा को मालूम नहीं बच्ची मिल गया. वो समझता है, उसने खो दिया.”

बाहेरच्या बाकावरून, मोठ्यानं नव्हे, आवाज आला, “साब, मैंने बोला था न.”

त्या क्षणी सगळं जागेवर बसलं. ती चप्पल गर्दीत पोरीच्या पायातून निघालेली. प्रत्येक लहान मुलीजवळ थांबवलेली रिक्षा. आणि सकाळी भिंतीवर स्वतःचा फोटो, पोलिसांची मोहर, आजूबाजूला न कळणारी अक्षरं. ज्या म्हाताऱ्याला वाटतंय की आपण नात हरवली, तो या कागदाचा दुसरा काय अर्थ लावणार? पोलीस आपल्यामागे लागले आहेत. त्याच्यापुरतं शहरात जे एक वाक्य लिहिलेलं होतं, त्याची मी वेलबुट्टी केली होती. औषधाशिवाय तो दुसरा दिवस काढत होता, आणि आता आमच्यापासूनच लपत होता.

मी काही बोलायच्या आधी ती मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली. शाळेत शिकवतात तसं मुंशीजींना समजावू लागली. एका फाँटमध्ये सगळ्या भाषा नसतात. सगळ्या मजकुराला एकच फाँट द्यायचा नाही. हिंदीला हिंदीचा, तमिळला तमिळचा, इंग्रजीला इंग्रजीचा. चांगला एडिटर एका फाँटमध्ये अक्षर नाही मिळालं तर दुसऱ्याकडे शोधतो, पण दुसरा तिथं असायला तर हवा. तमिळचा फाँट तिनं इंटरनेटवरून उतरवून घेतला. ओळीवर तो लावल्याबरोबर चौकोन गेले आणि गोल गोल अक्षरं उमटली.

मुंशीजी बघत राहिले. “ओळ आतच होती साहेब,” ते मला मराठीत म्हणाले, “पुसली नव्हती. दिसत नव्हती फक्त.” मग तिच्याकडे वळून, “मैडम, हम तो सबको एक ही वर्दी पहना देते हैं.”

ती पहिल्यांदा हसली. “पुलिस है ना, सर.”

फाइल छापखान्यात पाठवताना तिनं पुन्हा अडवलं. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तमिळ फाँट नसला तर तिथं पुन्हा चौकोनच उमटतील. म्हणून तिनं पानाचं चित्र करून दिलं. चित्राला फाँट लागत नाही. टावर चौकातल्या दुकानातून उजेड असेतोवर नवी पोस्टरं हातात आली. या वेळी तमिळ ओळ सगळ्यात वर होती, सगळ्यात मोठी.

मी व्हरांड्यात गेलो. रिक्षावाल्याला म्हणालो, “जा, घर जा.” माफी मागितली नाही. वर्दी अंगावर असताना ते शब्द तोंडाशी येतात आणि तिथंच राहतात.

तो उठला, पण घरी गेला नाही. मुंशीजींकडे जाऊन म्हणाला, “एक मेरे को दो. दो दो. गाड़ी के पीछे लगा लूँगा.”

सकाळी मी थान्याच्या पायऱ्यांवर उभा होतो. बाहेरची वाहनं आमच्याकडे फाटकाबाहेरच थांबतात, भीतीनं म्हणा की रीतीनं. एक ई-रिक्षा मात्र फाटकातून थेट आत आली आणि पायरीला लागली. मागं कुणीतरी खाली वाकून बसलं होतं. चालक उतरला. त्याच्या गालावर अजून माझी बोटं होती.

“साब, बाबा के पाँव सूज गए हैं, इसलिए अंदर ले आया.”

आजोबा नानाखेड्याच्या स्टँडवरच होते. पोरीला कुणी बसमधून घेऊन जाईल, म्हणून सुटणारी प्रत्येक बस लांबून, आडोशानं बघत होते. ई-रिक्षा दिसली. या शहरात ओळखीचा चेहरा एवढाच. जवळ आले, मागचा कागद पाहिला आणि मोठ्यानं वाचला. रिक्षावाल्यानं सांगितलं, “पूरा पढ़ा साब, दो बार. फिर खुद ही बैठ गए.”

धर्मशाळेत फोन गेला. मुंशीजींनी चहा बिनसाखरेचा आणायला सांगितला. आजोबा माझ्याकडे बघत नव्हते, कागद घट्ट धरून बसले होते. मग फाटकातून नात पळत आली. त्यांनी तिला कुशीत घेतलं नाही. आधी तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि ते तसंच धरून रडायला लागले. त्यांच्या मुलीनं गोळ्या हातावर ठेवल्या तरी ते मनगट सोडेनात. शेवटी तिनंच भरवल्या.

मी रिक्षावाल्याला बाजूला घेतलं. “कल जो हुआ...”

“छोड़ो साब. पहले बाबा का पैर देखो, डॉक्टर को दिखाना पड़ेगा.” आणि त्याच रिक्षातून तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

त्या प्रकरणानं मला काय शिकवलं? आपल्याला वाचता येत नाही ते नक्षी नसतं, कुणाचं तरी म्हणणं असतं. पुढं नोकरीभर, एखाद्या माणसाचं सांगणं डोक्यात बसेना, तेव्हा मी हात उचलायच्या आधी स्वतःला विचारलं, की फाँट माझ्याकडे नाही असं तर नाही? प्रत्येक वेळी जमलं असं म्हणणार नाही. जेवढ्या वेळा जमलं, ते त्या तिघांमुळे. ओळ मागायला परत आलेली मुलगी, ‘आतच होती’ म्हणणारे मुंशीजी आणि तो रिक्षावाला. एक माणूस माझ्या हातून मरायचा वाचला तो त्यांच्यामुळे, आणि थोडाफार मीही.

रोजनामच्यात जी ओळ नाही, ती आज इथं लिहितो.

ई-रिक्षाचालक, नानाखेडा परिसर. थान्यात बसवून ठेवला. पहिल्यापासून खरं बोलला. प्रभारीनं मारलं. सुटल्यावर हरवलेला माणूस शोधून त्याच प्रभारीच्या पायरीशी आणून पोचवला. प्रभारी ऋणी आहे. नोंद उशिरा घेतली.