पांढऱ्या उंदरांचा बेंदूर

चौथी शिकलेला माणूस लिहायला बसला म्हणून कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगलीतल्या एका कॉलेजात मी उंदीर सांभाळायला होतो, आणि उंदीर सांभाळायचं मला रीतसर शिकवलं गेलं. आज त्याचा अभिमान आहे. तेव्हा लय राग आला होता.

आमचं घर आटपाडीकडं. बाहत्तरच्या दुष्काळात दावणीची दोन्ही बैलं गेली. थोरला भाऊ म्हणाला, "थांब रं, पाऊस पडंल, परत बैलं घेऊ." मी म्हणालो, "आता आलो तर कमावता होऊनच येईन." तो हसला. "चार महिन्यांत परत येशील गड्या." त्या हसण्यापायी मला काहीही झालं तरी ती नोकरी टिकवायची होती.

कॉलेजात औषधं तपासायला पांढरे उंदीर पाळलेले. सगळे एकसारखे, म्हणून ओळखायला पिवळा रंग लावत. एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीला, आणि चौथा कोरा. कुणाला कुठलं औषध टोचलंय ते त्यावरून कळायचं. पण हे मला कुणी सांगितलंच नाही. झाडू कुठं, दाणा कुठं, एवढं दाखवलं की माझं शिकवणं संपलं.

बेंदूर आला. त्या दिवशी आमच्याकडं बैलाला धुतात, शिंगं रंगवतात, हळद लावून पुजतात, पोळी चारतात. ज्याच्या जिवावर आपण जेवतो त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. घरी दावण मोकळी. आणि मी तेव्हा जेवत होतो कुणाच्या जिवावर? पिंजऱ्यातल्या उंदरांच्या. सांगलीत हळदीला काय तोटा! चिमूटभर आणली आणि एकेकाच्या कपाळावर बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. औषधांचं सगळं काम त्या बघायच्या. माझ्याहून लहान, पण मला मामा म्हणायच्या.

"मामा, हे काय?"

"हळद."

"कुणी लावली?"

"मी. काल बेंदूर न्हवता का?"

बाई खालीच बसल्या. ओल्या कापसानं एकाचं कपाळ पुसून पाहिलं, दुसऱ्याचं पाहिलं. पिवळेपणा जाईना. डोक्यावर रंगवलेला कोणता आणि कोरा कोणता, ओळखायची सोय राहिली नव्हती. त्यात एकमेकांना चाटून हळद सगळ्यांच्या पोटात गेलेली.

मोठे साहेब म्हणाले, "ह्याला घरी पाठवा."

बाई म्हणाल्या, "सर, आपण त्यांना शिकवलं होतं का काही?"

साहेब म्हणाले, "ठीक. आजपासून पिंजऱ्याला हात लावायचा तर आधी शिकायचं आणि करून दाखवायचं. हा दिवाळीपर्यंत शिकला तर राहील."

मी बाईंना म्हणालो, "मुसंडी मारणारा खोंड मी येसणीला धरून थांबवलाय. मला उंदीर धरायला शिकवणार?"

"मग धरा."

मी शेपटीचं टोक धरून उचलला. तो लटकल्या लटकल्या वर वळला आणि अंगठ्याला कडकडून चावला. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"बैलाला माहीत असतं मालकानं धरलंय," त्या म्हणाल्या. "ह्याला वाटतं, मांजरानं धरलं."

तरी मी दोन दिवस फुगून होतो. तिसऱ्या दिवशी बाई नवे उंदीर रंगवत बसल्या होत्या. मी म्हणालो, "तुमची मेहनत वाया गेली, व्हय?"

"माझी मी परत करीन," त्या म्हणाल्या. "पण त्या आधीच्यांनी सुया सोसल्या, त्या फुकट गेल्या. त्या कशा परत घ्यायच्या?"

पूजा चुकली असं मी तेव्हा म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. पण त्या दिवशी हात धुऊन बाईंसमोर उभा राहिलो.

तंबाखूची चंची खोलीबाहेर ठेवायला शिकलो, कारण वासानं ते बिथरतात. पाठीवरून तळवा ठेवून खांद्यांशी बोटं अलगद मिटायची. घट्ट धरलं तर श्वास कोंडतो, सैल सोडलं तर भीती वाढते. खाणं ठरलेलं तेवढंच. आजारी जनावर आजारी दिसायच्या आधी कसं बसतं, तेही शिकलो. खरं सांगायचं तर हे शेवटचं मला बैलांमुळं लवकर आलं.

दिवाळीआधी साहेबांसमोर सगळं करून दाखवलं. उंदीर हातात शांत बसला. साहेबांनी विचारलं, "पुन्हा हळद लावशील?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. नुसतं न्हाई म्हणालो असतो तर काम झालं असतं. भावाचं हसणंही आठवलं.

"हळद लावणार न्हाई, साहेब. पर बेंदूर पाळणार."

"म्हणजे?"

"त्या दिवशी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. त्या दिवशी ह्यास्नी सुई नको."

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. माझं गाठोडं बांधायची वेळ आली असं वाटलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सुयांचे दिवस मीच ठरवते, सर. बेंदूर कधी ते आधीच बघून ठरवलं तर जमेल."

साहेबांनी माझ्या हातातल्या उंदराकडं बघितलं. "शिकला म्हणायचा," एवढं बोलून निघून गेले.

पुढच्या बेंदराला मी पिंजरे घासले, भुसा बदलला, ताजं पाणी ठेवलं. पोळीचा तुकडा कुणाला दिला नाही. बाई आल्या, सुयांची पेटी कपाटातच राहू दिली. उंदरांना त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. भुशात तोंड खुपसून झोपले होते.

दुसऱ्या दिवशी परत सुई. बैलालाही दुसऱ्या दिवशी जू असतंच. मी हात धुतले, पहिला उंदीर अलगद उचलला आणि बाईंसमोर धरला.