पाळण्याला पोपटी रंग

तीस वर्षं मी दुसऱ्यांनी मारलेल्या रंगाला नावं ठेवण्याचा पगार घेतला. वराळ्याच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होतो. पेंट शॉपमधून पत्र्याचे भाग रंगून यायचे आणि मी ते ट्यूबलाइटखाली तिरके धरून बघायचो. इथं ओघळ आलाय, तिथं संत्र्याच्या सालीसारखं झालंय, हा कोपरा उपाशी राहिलाय. लाल खडूनं फुली मारायची आणि माल परत पाठवायचा. रंगारी खालच्या आवाजात काय म्हणायचे ते मला ऐकू यायचं, पण त्यासाठी माझ्या फॉर्मवर रकाना नव्हता. स्वतः मात्र मी कधी स्प्रे गन हातात धरली नव्हती. काठावर उभ्या असलेल्याला पोहायला कुठं लागतं?

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी विजेवर चालणारी गन ऑनलाइन मागवली. तिच्या जाहिरातीत एक हसरा माणूस पाच मिनिटांत अख्खं कुंपण रंगवतो आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर एक ठिपका पडत नाही. तो व्हिडिओ मी बायकोला तीनदा दाखवला. ती म्हणाली, "शर्ट कोण धुतं ते दाखवलं नाही वाटतं."

पाच मिनिटं लागतात हे खरं आहे. त्याआधी सगळीकडे वर्तमानपत्र चिकटवायला तीन तास लागतात. मग रंग पातळ करायचा, जुन्या ओढणीतून गाळायचा, गाळलेला रंग पुन्हा पातळ करायचा. पाच मिनिटं फवारा मारून झाला की गनचे सात भाग सुटे करून तासभर धुवत बसायचं. एवढ्या वेळात ब्रशनं दोन हात मारून झाले असते, हे बायको बोलली नाही. तिनं फक्त घड्याळाकडं पाहिलं.

पहिला बळी आमच्या रो-हाउसचं फाटक. काळा रंग मी फाटकाला दिला, आणि पवन मावळातून आलेल्या वाऱ्यानं तो शेजारच्या सरांच्या पांढऱ्या गाडीलाही दिला. अगदी बारीक ठिपके होते, मोहरीएवढेसुद्धा नव्हते. सरांनी दोन दिवस कापडानं गाडी पुसली, माझ्याशी बोलताना हसणं सोडलं नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून गाडी गल्लीच्या टोकाला लावायला लागले. त्यानंतर घरात ठराव झाला, की गन चालवायची तर गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तीही सर घरात आहेत की नाहीत ते बघून.

अशा रीतीनं गन आणि मी शेडमध्ये तडीपार झालो असताना माझी मुलगी बाळंत झाली. दिवस भरायला तीन आठवडे होते. मुलगी झाली, पण वजन कमी म्हणून बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवसांत घरी न्याल, काळजीचं कारण नाही. डॉक्टर काळजीचं कारण नाही म्हणतात त्या क्षणापासून घरातला प्रत्येक जण काळजी करायला लागतो, तसंच आमचं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात जीप थांबली. जीपच्या टपावर पाळणा बांधलेला होता, आणि पुढच्या सीटवर माझ्या सासूबाई. मी त्यांना मामी म्हणतो. त्या आंदर मावळात राहतात, ऐंशीच्या पुढं आहेत, आणि अजून भातलावणीच्या दिवसांत बांधावर उभ्या राहून सुनांच्या चुका काढतात. माझ्या खात्यातलंच माणूस म्हणायचं. पाळणा सागाचा, कातलेल्या दांड्यांचा. माझी बायको, तिची चार भावंडं आणि माझी मुलगी, सगळी याच पाळण्यात झोपली. रंग एकावर एक इतके चढले होते, की दांड्यांची नक्षी बुजून गेली होती.

बाळ जन्माला आल्याशिवाय पाळणा घरात आणायचा नाही, हा मामींचा नियम. या नियमाशी माझा जुना संबंध आहे, तो इथं सांगायलाच हवा. दोन वर्षांपूर्वी मुलीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सहाव्या महिन्यातच मी घडीचा पाळणा विकत आणला. हॉलमध्ये बसून जोडला. मामी तेव्हा आमच्याकडेच होत्या. मी तो रिकामाच जोरात झुलवला, बेअरिंग तपासायला. मामी म्हणाल्या, "पावनं, रिकामा हालवू नका." मी हसलो, आणि त्यांना गुरुत्वाकर्षण वगैरे समजावून सांगितलं. सातव्या महिन्यात ते मूल गेलं.

डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. ते लांबलचक नाव मी कागदावर उतरवून घेतलं, वाचलं, मला पटलं. मामींनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. म्हणाल्या असत्या तर मी पुन्हा गुरुत्वाकर्षण सांगितलं असतं आणि मोकळा झालो असतो. त्या बोलल्याच नाहीत, आणि ते मला दोन वर्षं सलत राहिलं. घडीचा पाळणा मी माळ्यावर पार मागं ढकलून ठेवला.

तर आता हा सागाचा पाळणा रंगवायचा होता. माझी गन बघून मामींनी विचारलं, "भातावर औषिद माराया आणलाय का ह्यो पंप?"

"रंगाचा आहे मामी. पाच मिनिटांत पाळणा तयार."

"कंचा रंग?"

"ऑफ-व्हाइट."

"म्हंजी पांढराच की. पांढरा न्हाई पावनं, पोपटी द्या. ह्याला कायम पोपटीच दिलाय." मग थोडं थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आन् त्यो हालता कामा न्हाई. पोर अजून काचंत हाय."

मी मान डोलावली. गुरुत्वाकर्षणाचा विषय काढला नाही.

मुलांच्या खेळण्यांना चालणारा, वास न येणारा पोपटी रंग आणला. जुने थर घासून काढायला दोन दिवस गेले. थरांखालून आधी निळा निघाला, मग लाल, मग गडद हिरवा; तो काही निघेना, म्हणून तसाच ठेवला. म्हणजे "कायम पोपटी" ही मामींची माहिती तपासून घेण्यासारखी होती, पण मी निवृत्त झालोय. पहिला हात मी पाळणा प्लॅस्टिकच्या दोन स्टुलांवर ठेवून मारला. वरून झकास झाला. खाली मात्र स्टुलावरचा पेपर चिकटला, आणि पाळण्याच्या तळाला 'भाड्याने देणे आहे' अशी अर्धी जाहिरात उमटली. शिवाय मावळातला श्रावण. हवेत इतकं पाणी, की पापडसुद्धा तळून खाली ठेवेपर्यंत मऊ पडतो, तिथं रंग कसा वाळणार? दोन तासांत वाळतो असं डब्यावर लिहिलं होतं. तीस तास झाले तरी बोट चिकटत होतं.

दुसरा हात द्यायचा तर पाळणा टांगायला हवा, हे उघड होतं. कारखान्यात सगळे भाग टांगूनच रंगवतात. शेडच्या आडव्या पाइपाला मी साखळ्या अडकवल्या आणि पाळणा वर घेतला. दोरीनं दोन्ही बाजूंना ताणून बांधावा असा विचार मनात आला, तो मी झटकला. दोरी असते तिथं रंग लागत नाही, डाग राहतो. मी असा डाग असलेला माल तीस वर्षांत कधी पास केला नव्हता.

मामी खाली होत्या. बायको आणि मुलगी दवाखान्यात, बाळाला दूध पाजायच्या वेळेला. सर गावाला गेले होते. मी गनचा खटका दाबला.

एक गोष्ट मी तीस वर्षांत कुठल्याच फॉर्मवर लिहिली नव्हती, कारण कारखान्यातले भाग ताठ हुकांना पक्के अडकवलेले, ते हलायचे नाहीत. या गनमधून रंगाबरोबर हवाही येते, चांगली जोरात. पाळणा आधी नुसता शहारला. मग संथपणे माझ्यापासून लांब गेला, आणि परत आला. पोपटी धुक्यात तो रिकामा पाळणा एका लयीत, कुणीतरी आत निजलंय अशा लाडानं झुलायला लागला.

माझ्या हातून गन पडली. कधी पडली ते मला कळलं नाही. रंगाचं भांडं फुटलं, पायावर पोपटी ओघ आला, मोटर फरशीवर घरघरत राहिली. मी दोन्ही हातांनी पाळण्याची कड गच्च धरली होती. मला भीती वाटली होती, निव्वळ भीती. डॉक्टरांनी सांगितलेलं ते लांबलचक नाव मला त्या क्षणी आठवलं नाही. दवाखान्यातली काच आठवली, आणि आत मुठी आवळून झोपलेलं, माझ्या पंजाएवढं पोर. पाळणा केव्हाच थांबला होता, तरी मी हात काढले नाहीत. आपण रडतोय हेसुद्धा चष्मा धुरकटल्यावर लक्षात आलं. आधी मला वाटलं, रंगच उडाला असेल.

मोटरचा आवाज ऐकून मामी जिना चढून आल्या. त्यांना जिना चढायला वेळ लागतो, पण मी तसाच उभा होतो. त्यांनी आधी भिंतीतलं बटण बंद केलं. मग पाळणा बघितला, माझे हात बघितले.

"हालला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "वारा होता." मग म्हणालो, "दोनदा हलला मामी. मी धरला."

त्या जवळ आल्या. माझं एकेक बोट त्यांनी पाळण्यावरून सोडवलं, कारण बोटं खरोखरच चिकटली होती. पदरानं माझे हात पुसायला लागल्या. मी नको म्हणालो, लुगडं खराब होईल. त्यांनी ऐकलं नाही. पुसता पुसताच त्या म्हणाल्या, "मागल्या येळला बी तुमी काय केलं न्हवतं, पावनं. मी तवाच बोलाया पायजे हुतं. माझ्याच्यानं बोलवलं न्हाई."

मी फरशीवरची गन उचलायला वाकलो, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

पाळण्याच्या कडेवर माझे दोन पंजे स्वच्छ उमटले होते. पोपटी रंग निघून खालचा गडद हिरवा दिसत होता, बोटांच्या पेरांसकट. गन कामातून गेली होती. मी म्हणालो, ब्रशनं तेवढं सारखं करून घेतो. मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी मागं न बघता पुन्हा सांगितलं, "ऱ्हाऊ द्या म्हनलं."

बाळ नवव्या दिवशी घरी आलं. बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यापेक्षा पंजेच जास्त बघितले. कुणी विचारलं, हा काही नवसाचा प्रकार आहे का? मी त्यांना हवेचा दाब, रंगाचा पातळपणा, झुलत्या वस्तू टांगून रंगवण्यातला धोका, सगळं व्यवस्थित सांगितलं. मामी घुगऱ्या वाटत होत्या. त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत, फक्त माझ्या हातावर दोन मुठी जास्त ठेवल्या.

आता नात चार महिन्यांची आहे आणि वजनाला भारी झाली आहे. तिला पाजायला उचललं, की पाळणा थोडा वेळ आपला आपणच झुलत राहतो. मी जिथं असेन तिथून उठतो आणि तो धरून थांबवतो. माझे हात बरोबर त्या दोन जागांवर बसतात. बायकोनं परवा विचारलं, एवढं धावत कशाला जाता? मी सांगितलं, हूक झिजतो.