जवसाचं तेल आणि बाबांचं आतडं

आमच्याकडे रस्सा जमला की नाही, हे वर तेलाची तर्री किती आली त्यावरून ठरतं. विणकरांचं घर आमचं. माग कधीच गेले, बाबांनी कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी केली, पण स्वयंपाकातला तेलाचा हात काही आखडला नाही. त्यामुळे बाबा रोज सकाळी जवसाचं कच्चं तेल प्यायला लागले, तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. "आतडं साफ राहते. आतड्याचा कॅन्सर होत नाही म्हणते त्यानं," ते म्हणाले. मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं.

मग मनीषनगरच्या आमच्या घराचा जिना चढताना ते धापा टाकू लागले. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन पार खाली. धरमपेठेतल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "शौचातून रक्त जातं का?"

बाबा खिडकीकडे पाहत राहिले. "जाते थोडंथोडं. दिवाळीपासून."

"काहून नाही सांगितलं, बाबा?" मी ओरडलेच.

"तेल घेऊनच राहिलो होतो ना वं. मले वाटलं, त्यानं बंद होऊन जाईन."

माझं डोकंच फिरलं. कॅन्सर होऊ नये म्हणून तेल प्यायचं आणि रक्त जातंय ते लपवायचं! काय म्हणावं या माणसाला? पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती कॅन्सरचीच होती.

दुर्बिणीनं आतून तपासायचं ठरलं. बाईंनी मला मागं उभं राहू दिलं. पडद्यावर उजेड पडला आणि मी राग विसरले. अगं बाई, काय ते! गुलाबी, ओला, चकचकीत बोगदा, वळणावळणानं पुढं जाणारा, भिंतींवर बारीक लाल रेघा. जन्मभर कोळशाच्या धुळीत राबलेल्या माणसाच्या आत तान्ह्या बाळाच्या ओठांसारखं इतकं कोवळं काही असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले. बाबाही गुंगीत डोळे किलकिले करून पाहत होते.

"हे माह्यं आहे?"

"तुमचंच, काका," बाई म्हणाल्या.

एका वळणावर बोराएवढी गाठ दिसली. बाईंनी तारेचा फास टाकला, आवळला, आणि गाठ सुटून आली. अशीच गाठ वाढत जाऊन पुढं कॅन्सर होतो, म्हणाल्या. काढलेली गाठ त्यांनी तपासायला पाठवली.

रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणाला धड जेवण गेलं नाही. कॅन्सर नव्हता. गाठ त्या वाटेवर होती, पण वेळेवर निघाली. मी बाईंसमोरच ढसाढसा रडले.

बाबांनी मात्र विचारलं, "मंग तेल पेऊ का नको?"

"चमचाभर जेवणात घ्या, चांगलंच आहे. पण तेलानं गाठ जात नाही. आणि तेल घेतलं म्हणून कॅन्सर होणारच नाही, असंही मी म्हणणार नाही."

बाबांनी रिपोर्टची घडी घातली. म्हणाले, "माह्या बापानं जन्मभर जवसाचंच तेल खाल्लं. पोटात दुखू दुखू गेला. त्यालेही रक्त जाये. आत काय होतं, कोणी पाह्यलंच नाही."

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे घराण्यात चालत येऊ शकतं. तुमचं वय काय?"

मी काही बोलायच्या आधी बाबांनीच माझं वय सांगून टाकलं. "लिहा बाई," ते म्हणाले, "हिचंही आतून पाहून घ्या."