खैरुन्निसाचा नंबर

खैरुन्निसाने सहदेवला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जुन्या साडीच्या एका पडद्याला साप कसा धरावा ते समजावून सांगत होता.

पडद्याच्या आत ओली बाळंतीण होती आणि तिच्या खाटेखाली नाग होता. बाहेर अंगणात मोताळ्याचं निसर्गसखा मंडळ यच्चयावत हजर होतं. गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे, आकडे, पाइप, बरण्या, आणि दोघांच्या डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट. एवढी जय्यत तयारी नागाच्या नजरेस पडली असती तर तो हात वर करून बाहेर आला असता. पण मधे तो पडदा होता. बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस पाय ठेवणार नाही, असं घरातल्या म्हातारीने एकदाच सांगितलं होतं, आणि किल्ल्याच्या दरवाजाला हत्तीने धडका द्याव्यात तशी तोंडी धडक देत सहदेव बाहेरून ओरडत होता की घाबरू नका, हलू नका, सापाला हवा येऊ द्या.

तेवढ्यात खैरुन्निसा बांगड्यांची पेटी काखेत मारून आली. गावातल्या निम्म्या बायकांच्या हातात तीच बांगड्या भरायची. त्यामुळे मोताळ्यातला कुठलाच पडदा तिला आडवा येत नसे. तिने पेटी ओट्यावर टेकवली, या वऱ्हाडाला पाणी विचारलं का असं म्हातारीला विचारलं, उशीचा एक अभ्रा मागून घेतला आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा अभ्र्याला गाठ होती आणि गाठीखाली वळवळ. तो नाग किती लांब होता यावर आजही एकमत नाही. खैरुन्निसाच्या सांगण्याप्रमाणे तो या नालीपासून त्या नालीपर्यंत होता, आणि दर वर्षी नगर पंचायत नाली थोडी लांब सरकवत असावी.

"हे कोन घेते?" तिने अभ्रा पुढे धरून विचारलं. सगळं मंडळ एका उडीत मागे गेलं. सहदेवच्या मागे नाली होती. तो तिच्यात उभा राहिला, त्याच्या बुटात पाणी शिरलं, आणि तिथूनच त्याने हात जोडले.

"आपा, तुमी आमच्या मंडळात या."

असा तिचा पर्यावरण रक्षणात प्रवेश झाला.

तिचं माहेर पिंपळगाव राजाचं. बाप बांगड्यांचा व्यापारी. बांगड्या गवतात बांधून यायच्या, गवतासाठी उंदीर यायचे, उंदरांसाठी साप यायचे, आणि सापांसाठी खैरुन्निसाला हाक मारली जायची, कारण तिचे तिन्ही भाऊ तेव्हा छपरावर असायचे. धाडस म्हणावं तर ती पालीला एवढी भ्यायची की भिंतीवर पाल दिसली तर नवऱ्याला, हबीबला, भर बाजारातून दुकान टाकून घरी यावं लागे. बढाईखोरही होती. गप्प बसणं तिला जमत नसे. मंडळाचे सचिव चंद्रशेखर सर शाळेत भूगोल शिकवायचे आणि बैठकीतही भूगोल शिकवल्यासारखंच बोलायचे. ती त्यांच्या तोंडावर जांभई द्यायची.

सहदेवने मात्र तिला मनापासून शिकवलं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि सापाला तो बिघडलेल्या मोबाइलइतकंच जपून हाताळायचा. नुसत्या हाताने धरायचं नाही, आकडा वापरायचा, घोणस आणि अजगराचं पिल्लू यांत गफलत करायची नाही, हे सगळं त्याने तिच्याकडून घोटून घेतलं. स्वतःचा जुना आकडा तिला दिला. तिला आपा म्हणायचा ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. पुढे जे झालं ते कोणा दुष्ट माणसाने केलं असतं तर सोपं झालं असतं.

हळूहळू, कोणी न ठरवता, मोताळ्यातल्या सापांची वाटणी झाली. आतले साप आणि बाहेरचे साप. बाजार समिती, शाळा, कापसाची गंजी, सोयाबीनचं खळं, तिथे निघेल तो बाहेरचा साप. तो सहदेव, सर आणि तरुण सभासद हर्षल यांचा. त्याला गर्दी जमायची, टाळ्या पडायच्या, फोटो निघायचा, आणि फोटो कधीकधी पेपरात यायचा. स्वयंपाकघर, न्हाणी, कणगीमागची जागा, बाळंतिणीची खोली, तिथला तो आतला साप. तो खैरुन्निसाचा. आतल्या सापाला फोटो नसतो, कारण आत घरच्या बायका असतात. सहदेवच्या दुकानातली एक सबंध भिंत मंडळाच्या फोटोंनी भरली होती. त्यात सहदेव धामणीसोबत होता, नागासोबत होता, एका फोटोत नुसताच आमदारांसोबत होता. खैरुन्निसा एका फोटोत होती. म्हणजे तिचं कोपर होतं.

फोटोचं तिला काही नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. बसस्टँडसमोरच्या भिंतीवर मंडळाने रंगवून घेतलं होतं, ‘साप मारू नका, आम्हाला बोलवा’, आणि खाली तीन नावं, तीन फोन नंबर. तिला तिथे आपला नंबर हवा होता. मोताळ्याच्या जुन्या गल्ल्यांतल्या बायका तिला थेट हाक मारायच्या. पण नव्या वस्तीतले, भाड्याने राहणारे, बदली होऊन आलेले, ते भिंत वाचायचे. त्यांचा फोन सहदेवला जायचा. सहदेव हातातल्या मोबाइलचा स्क्रू घट्ट करून विचारायचा, साप आत आहे की बाहेर. आत असला की मग तो खैरुन्निसाला फोन करायचा. तोवर साप कणगीमागून कौलात गेलेला असायचा, आणि घरातली माणसं अंगणात काठ्या घेऊन उभी.

तिने बैठकीत विषय काढला. चहा आला होता, तीन कप. चौथा कप तिघांच्या बश्यांमधून जमा करून तिला देण्याचा रिवाज होता. सरांनी घसा साफ केला. सहदेवच आधी बोलला, आणि काळजीनेच बोलला.

"आपा, बाईचा नंबर भिंतीवर कसा लिवाव? रातच्याले टवाळ पोट्टे फोन करतीन. तुमाले त्रास होईन."

"ज्याच्या घरात साप निघाला त्याले टवाळी सुचते का बाप्पा?"

"त्याले नाही. बाकीच्याइले सुचते."

घरी हबीबचंही तेच म्हणणं पडलं. त्याच्या दुकानाच्या पाटीवर त्याचा नंबर होता आणि अख्ख्या तालुक्यातल्या बायका त्याला दिवसभर फोन करून बांगड्यांचं माप सांगायच्या, त्यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं. खैरुन्निसा त्या दोघांवर सारखीच चिडली. शेवटी सहदेवने मधला मार्ग काढला. भिंतीवर एक ओळ वाढली: ‘महिला सर्पमित्र उपलब्ध’. हॉटेलवर ‘थंड पाणी मिळेल’ लिहितात तशी. नाव नाही, नंबर नाही.

अशीच काही वर्षं गेली. मग बाहेरून मदत देणाऱ्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं की पर्यावरणाच्या कामात स्त्रियांना समान स्थान हवं, आणि बुलढाण्याला त्याचं प्रशिक्षण आहे. प्रशिक्षणाला मंडळातर्फे कोणी जावं यावर फार चर्चा झाली नाही. चंद्रशेखर सर गेले. तीन दिवसांनी कापडी पिशवी, पेन आणि झपाटलेली नजर घेऊन परतले, आणि स्त्रियांना बोलू दिलं पाहिजे या विषयावर बराच वेळ एकटेच बोलले.

कार्यकारिणीत निम्म्या बायका घ्यायचं ठरलं. निम्म्याहून जास्तच घेतल्या. उपाध्यक्ष सहदेवची बायको पुष्पांजली, कोषाध्यक्ष सरांच्या मिसेस सत्यभामाबाई, ज्या गांडूळ पाहिलं तरी खुर्चीवर चढायच्या, सहसचिव हर्षलची आई, आणि महिला विभाग प्रमुख खैरुन्निसा. मंडळाने भिंत नव्याने रंगवली. पेंटरने पदर घेतलेली एक बाई काढली, तिच्या हातात साप होता पण तिने तो हारासारखा धरला होता, जणू कोणी पाहुणा यायचा आहे.

खैरुन्निसा ते बघायला बाजारातून मुद्दाम वाट वाकडी करून गेली. भिंतीवर तिचं नाव होतं. नीट, ठळक, हबीबच्या नावासकट. ती रस्त्यात उभी राहून हसली. मग तिने नावापुढचे आकडे वाचले. ते तिला पाठ होते. सहदेवचा नंबर होता. पुष्पांजलीच्या नावापुढेही तोच. सत्यभामाबाईंच्या नावापुढे सरांचा.

पुष्पांजली तिथेच भाजी घेत होती. ती जवळ आली. भिंतीकडे न पाहताच म्हणाली, "आपा, मले फोन येत नाही. निरं नाव येते."

खैरुन्निसाने सहदेवला पुन्हा विचारलं. तो मनापासून खजील झाला. पेंटरला दिलेल्या कागदावर सरांनी तेच लिहिलं होतं, म्हणाला, पुढच्या रंगाला नक्की. आणि हे त्याने शब्द दिल्यासारखं म्हटलं, हे तिनेही मान्य केलं.

पुढच्या रंगाआधी पुरस्कार आला. महिलांना बरोबरीचं स्थान देणाऱ्या निसर्ग मंडळांचा बुलढाण्यात सत्कार होता, आणि त्यात निसर्गसखा मंडळाचं नाव होतं. जीप ठरली. अध्यक्ष सहदेव, सचिव सर, बाकीच्या तिन्ही बायका, हर्षल, हार, आणि सरांचं भाषण. जीप भरली. सहदेव खैरुन्निसाच्या दारात येऊन अवघडून उभा राहिला. जागेचं कारण त्याने सांगितलं नाही, दुसरं सांगितलं, आणि ते खरंही होतं. पावसाळ्याचे दिवस होते, गावात मंडळाचं कोणीतरी थांबायला हवं.

"तुमी असल्या की मले चिंता नाही, आपा."

ती थांबली. त्या दिवशी तिने बांगड्यांची पेटी उचललीच नाही. आकडा, पाइप, पिशवी दाराशी ठेवून ती ओट्यावर बसली. फोन मांडीवर, चार्ज केलेला. मोताळ्यात त्या दिवशी साप निघाला तर त्याला बघायला फक्त ती होती.

नव्या वस्तीत जानेफळचे रामराव महिनाभरापूर्वी भाड्याने राहायला आले होते. दुपारी त्यांची बायको झुंबरबाई न्हाणीत असताना दाराच्या उंबऱ्याशी नाग येऊन बसला. ती आत, तो दारात. रामरावांनी बसस्टँडला सामान उतरवतानाच भिंतीवरचा नंबर फोनमध्ये घेऊन ठेवला होता. शहाणा माणूस. त्यांनी त्यावर फोन केला. पुन्हा केला. करतच राहिले. बुलढाण्याच्या सभागृहात चंद्रशेखर सर बोलत होते, म्हणून सहदेवने फोनचा आवाज बंद केला होता. शेजारचे पुरुष धावून आले आणि न्हाणीपासून लांब थांबले, कारण आत बाई आंघोळीला होती. झुंबरबाई पाण्याच्या टाकीच्या काठावर चढून, ओलं लुगडं अंगाला लपेटून उभी होती, आणि आतून एवढंच विचारत होती की कोणी आलं का.

काठ ओला होता. तिचा पाय घसरला. पडताना तिने हात टेकला तो सापाजवळ.

तेव्हा कुठे शेजारच्या एका बाईला बांगड्या भरणाऱ्या आपाची आठवण झाली, आणि ती पळत सुटली. अंतर तीन गल्ल्यांचं होतं. खैरुन्निसा आली. न्हाणीत शिरली, नाग सहज पाइपात गेला, जणू तो वाट पाहून कंटाळला होता. मग ती झुंबरबाईपाशी बसली. हात सुजत चालला होता आणि बांगड्या रुतत होत्या. कोणीतरी म्हणालं फोडा. खैरुन्निसाने फोडल्या नाहीत. अंगठा आत दुमडून, हाडं एकमेकांवर दाबून, तिने एकेक बांगडी न तोडता उतरवली. आयुष्यभर ती नेमकं उलटं करत आली होती. झुंबरबाईने तिला विचारलं, "तू कोन वं?" तिने नाव सांगितलं.

झुंबरबाई बुलढाण्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, घाटातच गेली.

संध्याकाळी सहदेव शाल आणि स्मृतिचिन्ह तसंच हातात घेऊन तिच्या दारात आला. फोनच्या पडद्यावर रामरावांचा तोच नंबर खालपर्यंत ओळीने उतरला होता. तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. उद्या सकाळी, पेंटर नसला तर स्वतःच्या हाताने, तिचा नंबर भिंतीवर लिहीन म्हणाला.

"आता नको, भाऊ," खैरुन्निसा म्हणाली. "आता लिवला तं लोकं मले विचारतीन, तू त्या दिवशी कुठी होती. मी काय सांगू? घरीच होती म्हनून?"

तिने त्यानेच दिलेला साप धरायचा आकडा त्याच्यापुढे ठेवला. त्याने शाल बाजूला ठेवून तो उचलला.

खैरुन्निसा आजही मोताळ्यात बांगड्या भरते. नव्या वस्तीत न्हाणीत साप निघाला की लोक तो काठीने मारतात.