गुलमंडीतलं प्रेत

मालिकेच्या चित्रीकरणासाठी आमच्या गुलमंडीत अंत्ययात्रा निघाली. दिग्दर्शकाला अस्सल मराठवाडा हवा होता, म्हणून फेटे मुंबईहून आले होते. प्रेत मात्र इथलंच, एक रिक्षावाला. तिरडीला बांधून घेताना तो मला म्हणाला, "भाऊ, गाठ सैल ठेवा. लई भ्या वाटतंय."

यात्रा निघताच दुकानदारांनी सवयीनं शटरं अर्धी ओढली. त्या आवाजासरशी त्यानं पायाची बोटं आखडून घेतली.

'कट' होताच खांदेकरी चहाला पळाले. मी गाठी सोडल्या. "उठा, झालं."

त्यानं डोळे उघडले नाहीत. "कुणीतरी नावानं हाक मारा, मंग उठतो."

"नाव काय तुमचं?"

"मीच कसं सांगू? मी अजून तिकडंच हाय."

मी चहावाल्या घोळक्याला ओरडून त्याचं नाव विचारलं.

"कुणाचं?" तिकडून आवाज आला. "प्रेताचं?"